आधी अंगावर वस्त्र, मग उपदेश : ठाकुरवाडीत दुःखाशी बोलताना

पावसाळा लागला की रायगडच्या डोंगरात जाणाऱ्या कार्यकर्त्यांचे फोन वाजू लागतात. कुठे दरड आली, कुठे वाडीची वाट वाहून गेली, कुठे घराची भिंत पडली. आपली मुले तयारच असतात. तांदूळ, डाळ, तेल, ताडपत्री, चादरी, मेणबत्त्या, सगळी यादी पाठ असते. टेम्पो कोणाचा, वर्गणी कोणाची, तासाभरात ठरते. या कामात आंबेडकरी तरुण कोणाला हार जाणारा नाही. अडचण त्यापुढे येते. सामान उतरवून झाले, वाटप झाले, आणि समोर एक बाई बसली आहे. तिच्या घरातले चौघे गेले आहेत. तिच्याशी काय बोलायचे, हे कोणी शिकवलेले नसते. मग तोंडाला येईल ते आपण बोलतो.

या लेखात आम्ही एवढाच प्रश्न घेतला आहे: दुःखात असलेल्या माणसाला सल्ला कधी द्यावा, कसा द्यावा आणि कधी अजिबात देऊ नये. समुपदेशन हा शब्द आता आपल्या विहारांच्या फलकांवरही दिसतो. ‘व्यक्तिमत्त्व विकास’, ‘मनःस्वास्थ्य’, ‘प्रेरणादायी विचार’ यांचे संदेश रोज सकाळी प्रत्येक गटात पडतात. त्यातले किती खऱ्या दुःखासमोर टिकतात, हे ठाकुरवाडीत गेल्यावर कळते.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ठाकुरवाडी हे एकाच गावाचे नाव नाही. ठाकूर, म्हणजे स्वतःला ठाकर म्हणवणारे आदिवासी, जिथे वस्ती करून राहिले ती ठाकुरवाडी. त्यामुळे ती जवळच्या मोठ्या गावाचे नाव जोडून ओळखावी लागते. माथेरानच्या उतारांवर, राजमाचीच्या पायथ्याला, इर्शाळगडाच्या कुशीत अशा वाड्या आहेत. भात, नाचणी, वरी, रानातली भाजी, आणि उरलेल्या दिवसांत रोजंदारी. आपली मुले कोंढाण्याची बौद्ध लेणी पाहायला कर्जतला जातात, चैत्यगृहासमोर उभे राहून फोटो काढतात. त्याच डोंगरांत ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. तिथे मात्र बहुतेकांचे पाय आपत्ती आल्यावरच वळतात.

19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. चौक गावाच्या वर, इर्शाळगडाच्या खाली असलेली ही ठाकरांची वाडी. गाडीरस्ता नव्हता, चिखलातून डोंगर चढून जावे लागत होते. मोठी यंत्रे वर नेता आली नाहीत, म्हणून बचाव पथकांना आणि आसपासच्या लोकांना फावडी-घमेल्यांनी माती उपसावी लागली. 27 मृतदेह मिळाले. 57 माणसे सापडलीच नाहीत. 23 जुलैला शोध थांबवण्यात आला आणि बेपत्ता लोकांना मृत मानण्यात आले. वाचलेली कुटुंबे आधी खाली चौकजवळ कंटेनरच्या घरांत राहिली, पुढे त्यांच्यासाठी पक्की घरे बांधण्यात आली. त्या रात्री आश्रमशाळेत असल्यामुळे काही मुले वाचली, त्यांचे आईवडील गेले. माळीण (30 जुलै 2014) आणि तळिये (22 जुलै 2021) यांच्या मागोमाग सह्याद्रीच्या डोंगरातली ही तिसरी मोठी जखम.

घरे मोजता येतात, तांदूळ मोजता येतो. मनाचे तसे नसते. म्हणून त्या बाबतीत शासनाचे काम ढिले राहते आणि आपलेही.

अशा वेळी आपल्या तोंडून हमखास निघणारी वाक्ये आठवून पाहा. ‘जे झाले ते विसरून जा.’ ‘तुम्ही तरी वाचलात, हे काय कमी आहे?’ ‘आता मुलांकडे बघून उभे राहा.’ ‘रडू नका, खंबीर व्हा.’ आणि आपल्यात आणखी एक वाक्य असते, ‘सब्बे सङ्खारा अनिच्चा, सर्व काही अनित्य आहे.’ बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण ही सगळी वाक्ये एकच काम करतात, समोरच्याला गप्प करतात. ‘तुम्ही तरी वाचलात’ हे तर सर्वांत जड. वाचलेल्या माणसाला आतून नेमके हेच टोचत असते की मी का वाचलो. माझा भाऊ आत होता आणि मी बाहेर कसा. त्या टोचणीवर आपण बोट ठेवतो आणि वर त्याला भाग्यवान म्हणतो.

संयुत्त निकायात भगवंतांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. पहिला बाण शरीराच्या वेदनेचा, दुसरा त्या वेदनेवर मनाने स्वतःच मारून घेतलेला. आजकाल हा दृष्टान्त ध्यानाच्या प्रत्येक पुस्तिकेत सापडतो आणि त्याचा वापर बहुधा उलटा होतो. ‘दुःख तुझ्या विचारांमुळे आहे, विचार बदल’ असे सांगायला तो पुढे केला जातो. आमचे स्पष्ट मत आहे की दुसरा बाण पुष्कळदा सल्ला देणाऱ्याच्या हातून सुटतो.

आता शास्त्र काय सांगते ते पाहू. मोठ्या आघातानंतर झोप उडणे, जेवण न जाणे, दचकणे, सारखे तेच दृश्य डोळ्यांपुढे येणे, चिडणे, किंवा अगदी काहीच न वाटणे, सुन्न होणे, हे पहिल्या काही आठवड्यांत वेड नव्हे. मनाची ती साहजिक प्रतिक्रिया आहे. बहुतेक माणसे आपल्या माणसांत राहिली, सुरक्षित जागा मिळाली, रोजचे काम परत सुरू झाले, तर हळूहळू सावरतात. काहींचे मात्र महिना उलटूनही तसेच राहते किंवा वाढत जाते. त्यांना डॉक्टरांची गरज असते. दरडीतून वाचलेल्या माणसाला पुढच्या जूनमध्ये पत्र्यावर वाजणारा पाऊसही पुरतो. सगळे ठीक चालले होते, मग अचानक काय झाले, असे बाहेरच्यांना वाटते. त्याच्या दृष्टीने अचानक काहीच झालेले नसते, फक्त पाऊस आलेला असतो.

ज्यांची माणसे सापडली नाहीत त्यांचे दुःख आणखी वेगळे. देह पाहिला नाही, अंत्यविधी झाला नाही. कागदावर मृत्यू नोंदला तरी मन दाराकडे बघत राहते. अशा माणसाला ‘आता स्वीकार करा’ असे सांगण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही. तो किती दिवसांनी, कोणत्या विधीने स्वीकारणार, हे त्याचे त्याला आणि त्याच्या वाडीला ठरवू द्यावे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये आपत्तीच्या ठिकाणी काम करणाऱ्यांसाठी मानसिक प्रथमोपचाराची एक मार्गदर्शिका काढली. तिचे सार तीन शब्दांत आहे: पाहा, ऐका, जोडा. त्यासाठी डॉक्टर असावे लागत नाही. पाहा म्हणजे कोणाला तातडीची गरज आहे ते आधी हेरा. कोण भिजलेले आहे, कोणाची रोजची औषधे मातीखाली गेली, कोणते मूल एकटेच फिरते आहे, कोण कोणाशीच बोलत नाही. जोडा म्हणजे त्याला त्याच्या नातेवाइकाशी, आशाताईशी, तलाठ्याशी, दवाखान्याशी गाठ घालून द्या. मधले ‘ऐका’ सर्वांत अवघड, कारण त्यात आपल्याला काहीच करून दाखवता येत नाही.

ऐकण्याबाबत एक गैरसमज पक्का आहे. ‘मनातले सगळे बाहेर काढायला लावले की माणूस मोकळा होतो’ असे आपल्याला वाटते. म्हणून आपण विचारतो, ‘त्या रात्री नेमके काय झाले? तुम्ही कुठे होता? आवाज कसा आला?’ आघातानंतर लगेच माणसाला बसवून सगळा प्रसंग खोदून वदवून घेण्याच्या पद्धतीची जागतिक आरोग्य संघटना शिफारस करत नाही. त्याने फायदा होत नाही, काहींना त्रास वाढतो. त्याने सांगितले तर ऐकावे, नाही सांगितले तर शेजारी बसावे. मध्येच त्याने शेळीचे, भाताच्या रोपाचे बोलणे काढले तर तेच बोलावे. आणि मोबाइल खिशात ठेवावा. रडणाऱ्या माणसाचे चित्रीकरण करून ‘समाजाला जागे करायला’ टाकणे हा जागे करण्याचा प्रकार नाही.

वाडीत बोलायची रीतही वाडीचीच हवी. आजीला आजी म्हणा, बाईला ताई म्हणा, कर्त्या पुरुषाला दादा किंवा बाबा. ‘लाभार्थी’ हा शब्द यादीत ठेवा, तोंडी आणू नका. समोरची माणसे बौद्ध नाहीत, त्यांचे देव, त्यांचे विधी वेगळे आहेत. शोकात बसलेल्या घरात जाऊन आपण धम्माचे श्रेष्ठत्व पटवू लागलो तर ते धम्माला शोभणारे नाही. भगताचेही तसेच. वाडीत काही झाले की लोक पहिल्यांदा भगताकडे जातात. तो घरी येतो, बसतो, विचारतो, म्हणून जातात. आपला विवेकवाद तिथे पहिल्याच भेटीत उगारू नये. भगत मारहाण करत असेल, कोंडून ठेवत असेल, औषध बंद करायला लावत असेल, तर 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, तो वापरावा. तसे नसेल तर त्याच्याशी बोलून रुग्णाला दवाखान्यापर्यंत नेता येते.

हे सगळे परदेशातून आले असे कोणाला वाटत असेल तर त्यांनी पटाचारेची कथा पुन्हा वाचावी. श्रावस्तीच्या श्रीमंत घरची मुलगी. घरातल्या नोकरावर प्रेम बसले म्हणून त्याच्यासोबत निघून गेली. दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी माहेरी निघाली. वाटेत वादळी पावसाची रात्र. नवऱ्याला साप चावला. सकाळी पुराची नदी ओलांडताना तान्हे बाळ ससाण्याने नेले आणि थोरला मुलगा प्रवाहात वाहून गेला. एकटी पुढे चालत आली तर वाटेत कळले, त्याच रात्री श्रावस्तीतले तिचे घर कोसळले आणि आईवडील, भाऊ त्याखाली गेले. तिला अंगावरच्या वस्त्राची शुद्ध राहिली नाही. ती तशीच भटकत राहिली. लोकांनी तिला वेडी म्हणून हाकलले, तिच्यावर माती-कचरा फेकला.

एका रात्रीचा पाऊस, एक कोसळलेले घर आणि मागे उरलेली एक बाई. रायगडच्या वाचकाला ही कथा अडीच हजार वर्षांपूर्वीची वाटू नये.

ती जेतवनाकडे आली तेव्हा उपासक तिला अडवू लागले. भगवंतांनी सांगितले, तिला येऊ द्या. मग अतिशय मायेने तिला ‘भगिनी’ म्हणून हाक मारली, भानावर ये म्हणाले. तिला आपल्या उघडेपणाची जाणीव झाली आणि ती खाली बसली. गर्दीतल्या एका माणसाने आपले वस्त्र तिच्याकडे टाकले. ते तिने पांघरले. नंतर तिने आपले सगळे सांगितले, भगवंतांनी ऐकले. उपदेश झाला तो त्यानंतर. हा क्रम कथा सांगताना आपण घाईने ओलांडतो आणि थेट अनित्यतेवर येतो. आधी वाट मोकळी झाली, मग नाते जोडणारी हाक, मग वस्त्र, मग ऐकणे, आणि शेवटी शब्द.

कथेचा पुढचा भाग कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात ठेवावा. हीच पटाचारा पुढे विनयात अग्रगण्य भिक्खुणी झाली. थेरीगाथेत पुत्रशोकाने व्याकुळ झालेल्या कितीतरी स्त्रिया तिच्याकडे आल्याचे सांगितले आहे. त्या तिच्याकडेच का गेल्या असतील, हे वेगळे सांगायला नको. वाडीतसुद्धा पहिल्या वर्षी ज्या बाईला आपण आधार दिला, ती दुसऱ्या वर्षी दुसऱ्या वाडीतल्या बाईशी आपल्यापेक्षा जास्त चांगले बोलू शकते. तिला ‘आपद्ग्रस्त’ या खान्यात कायमचे बसवून ठेवू नये.

किसा गोतमीच्या मोहरीचेही असेच. मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागणाऱ्या आईला ‘मृत्यू अटळ आहे’ असे भगवंत लगेच म्हणाले नाहीत. ज्या घरात कोणी मेले नाही तिथून मोहरी आण, म्हणाले. ती दारोदार गेली. प्रत्येक दारात कोणीतरी आपले गेलेले माणूस सांगितले असेल. ते सत्य तिला व्याख्यानातून मिळाले नाही, शेजाऱ्यांच्या ओसरीवर मिळाले.

याच क्रमाने चालणारे काम कर्जत तालुक्यातच आहे, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? वेणगावला श्रद्धा पुनर्वसन केंद्र आहे. डॉ. भरत वटवानी आणि डॉ. स्मिता वटवानी या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने 1988 मध्ये मुंबईत हे काम सुरू केले आणि 2006 पासून ते कर्जतला चालते. रस्त्यावर भटकणाऱ्या, घरदार विसरलेल्या मनोरुग्णांना तिथे आणतात. अंघोळ, केस कापणे, कपडे, जेवण, औषध. काही आठवड्यांनी माणूस बोलू लागतो, गावाचे नाव आठवते, मग त्याला घरी पोहोचवतात. असे हजारो लोक देशभरातल्या आपापल्या गावी परतले. या कामासाठी डॉ. वटवानींना 2018 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पटाचारेवर लोकांनी माती फेकली होती. आपल्या एस.टी. स्थानकात तसा माणूस दिसला तर आपण काय करतो, याचे उत्तर ज्याने त्याने द्यावे.

इथे विपश्यनेबद्दल एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण आपल्यात कोणी खचले की ‘दहा दिवस इगतपुरीला जाऊन ये’ हा सल्ला तयार असतो. ध्यानाचे मोल आम्ही कमी करत नाही. पण दहा दिवसांचे मौन हे ताज्या आघातावरचे किंवा गंभीर मानसिक आजारावरचे औषध नाही. ते वैद्यकीय उपचाराला पर्याय नाही, असे शिबिराच्या नियमांतच म्हटलेले असते. झोप उडालेल्या, आवाज ऐकू येणाऱ्या, मरणाचे विचार येणाऱ्या मित्राला आधी डॉक्टरकडे न्या. ध्यान पुढे कधीही करता येईल.

दुसऱ्याला सल्ला देणाऱ्या कार्यकर्त्याच्या स्वतःच्या मनाचे काय? चळवळीत खचणे म्हणजे जणू गद्दारी. ‘बाबासाहेबांनी किती सोसले, तू एवढ्यात रडतोस?’ हे वाक्य प्रत्येकाने ऐकले आहे. बाबासाहेब खरोखर कसे सोसत होते ते पाहू. जुलै 1926 मध्ये त्यांचा लाडका मुलगा राजरत्न गेला. त्याआधी तीन मुले गेली होती. ऑगस्टमध्ये त्यांनी आपले स्नेही दत्तोबा पवार यांना पत्र लिहिले. या धक्क्यातून आपण आणि आपली पत्नी सावरलो आहोत असे दाखवण्यात अर्थ नाही आणि कधी सावरू असेही वाटत नाही, अशा आशयाचे ते पत्र आहे. महाडचा सत्याग्रह होऊन गेला तो पुढच्याच वर्षी. म्हणजे दुःख कबूल करणारा माणूस आणि चवदार तळ्यावर उभा राहिलेला माणूस एकच होता. त्यांनी एका मित्राला पत्रातून मन दाखवले. आपल्या तरुणांना तसे पत्र लिहायला कोण आहे?

हा प्रश्न वाडीपुरता नाही. 22 मे 2019 रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी या आदिवासी डॉक्टर तरुणीने जीव दिला. जातीवरून छळ झाल्याचा आरोप तिच्या कुटुंबाने केला, खटला उभा राहिला. अशा छळात असलेल्या विद्यार्थ्याला ‘सकारात्मक राहा, दुर्लक्ष कर’ असे सांगणारा सल्ला अन्यायाचे ओझे त्याच्याच डोक्यावर ठेवतो. तिथे समुपदेशनाइतकीच लेखी तक्रार, सोबत येणारा माणूस आणि वकील यांची गरज असते. उलट बाजूही आहे. काही कार्यकर्ते प्रत्येक दुःखाला ‘व्यवस्था’ हे एकच उत्तर देतात. ते खरे असले तरी आज रात्री त्या मुलाला झोप लागत नाही, त्यावर ते उत्तर नसते. मोर्चा आणि औषध दोन्ही लागतात.

मनाच्या प्रश्नांना छापील उत्तर देण्याची परंपरा मराठीत जुनी आहे आणि तिचा बाबासाहेबांशी थेट संबंध आहे. र. धों. कर्वे यांनी जुलै 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि 1953 मध्ये निधन होईपर्यंत चालवले. वाचक लैंगिक जीवनाविषयीच्या शंका लिहून पाठवत. ज्या गोष्टी घरात, डॉक्टरकडे, मित्राकडे बोलता येत नव्हत्या त्या विचारत. कर्वे उपदेश न करता, लाजवल्याशिवाय नेमके उत्तर देत. 1934 मध्ये अशाच वाचकांच्या प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू मांडायला बॅरिस्टर आंबेडकर उभे राहिले. लैंगिक प्रश्नावर लिहिले म्हणून लिखाण अश्लील ठरत नाही आणि प्रामाणिक शंकेला उत्तर मिळाले पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. तरीही लोकांनी विचारावे आणि त्यांना खरे उत्तर मिळावे यासाठी बाबासाहेब न्यायालयात उभे राहिले, ही गोष्ट आपल्या प्रबोधनाच्या कार्यक्रमांत फार कमी सांगितली जाते.

‘समाजस्वास्थ्य’ची उत्तरे आणि आजचे प्रेरणादायी संदेश यांत फरक हा की कर्वे एका माणसाच्या एका प्रश्नाला उत्तर देत होते. आजचा संदेश कोणालाच उद्देशून नसतो, म्हणून तो सगळ्यांना पाठवता येतो. आपल्या तरुणांनी सल्ल्याचे लिखाण करायचे ठरवले तर कोणता धडा घ्यावा, ते एका कल्पित पत्रावरून दाखवतो.

समजा, वाडीतला एकवीस वर्षांचा मुलगा लिहितो: ‘खोपोलीला कंपनीत कंत्राटी कामाला आहे. दरडीत धाकटा भाऊ गेला. मी त्या रात्री रात्रपाळीला होतो. आता पाऊस वाजला की झोपच येत नाही. सुट्टीच्या दिवशी पितो. आई म्हणते तू तरी नीट राहा. मला काही नीट वाटत नाही.’

नेहमीचे उत्तर असे येते: दारू वाईट, आईचा विचार कर, व्यायाम कर, सकाळी लवकर ऊठ, गेलेला भाऊ तुला हसताना पाहू इच्छितो. यातले शेवटचे वाक्य तर आपण कोणत्या आधारावर लिहिले, कोण जाणे.

आम्ही असे लिहू: ‘भाऊ गेला आणि तू कामावर होतास, हे दोन्ही एकाच रात्री घडले, म्हणून ते मनात एकमेकांना चिकटले असणार. तू घरी असतास तर काय झाले असते हे कोणालाच सांगता येणार नाही. पाऊस वाजल्यावर झोप उडणे हे त्या रात्रीनंतर साहजिक आहे, तुझे डोके बिघडलेले नाही. पण तुझी झोप उडून महिन्याच्या वर झाला असेल तर डॉक्टरला दाखव, त्यावर उपचार आहेत. दारूने त्या रात्रीपुरती झोप येते आणि पुढच्या रात्री आणखी मोडते, म्हणून जिथे दाखवशील तिथे दारूचेही खरे सांग. जोराचा पाऊस असेल त्या रात्री एकटा झोपू नकोस, कोणा मित्राकडे जा. आणि एक विचारतो. जगणे नको, असे मनात येते का? येत असेल तर आजच कोणाला तरी सांग, आम्हाला सांगितलेस तरी चालेल.’

शेवटचा प्रश्न पुष्कळांना धाडसाचा वाटतो. मरणाचे विचार येतात का, असे विचारल्याने ते विचार कोणाच्या डोक्यात शिरत नाहीत. उलट कोणीतरी विचारले याचा आधार वाटतो. ‘हो’ असे उत्तर आले तर त्याला एकटे सोडू नये, वाद घालू नये, शपथा घालू नयेत, सोबत जाऊन मदत मिळवून द्यावी. आत्महत्येचा प्रयत्न केला तर पोलीस पकडतील या भीतीने कुटुंबे दवाखान्यात जायला घाबरतात. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने ही भीती बरीच कमी केली आहे. कलम 115 नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरायचे आणि त्याला शिक्षा करायची नाही. मानसिक उपचार मिळणे हा हक्क असल्याचे त्याच कायद्याचे कलम 18 सांगते.

फोनवर टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, क्रमांक 14416. ऑक्टोबर 2022 पासून ती सुरू आहे, पैसे लागत नाहीत, रात्रंदिवस चालते, मराठीत बोलता येते. पण उत्तराखाली नुसता क्रमांक चिकटवून आपली सुटका करून घेऊ नये. डोंगरावरच्या वाडीत रेंज कुठल्या खडकावर येते ते आधी विचारावे. पहिला फोन लावताना शेजारी बसावे, मग उठून थोडे लांब जावे. प्रत्यक्ष डॉक्टरला दाखवायचे तर सोबत कोण येणार, त्या दिवसाची मजुरी बुडेल तिचे काय, परतीची गाडी किती वाजता, एवढे ठरले तरच माणूस जातो. नाहीतर ‘हो दादा, जाईन’ म्हणतो आणि जात नाही.

दरडीच्या वर्षदिनी, 19 आणि 20 जुलैला, नेते, पत्रकार, संस्था सगळे येतात. आपल्या तुकडीने त्या दिवशी गेले नाही तरी चालेल. ऑगस्टमध्ये लावणीची घाई ओसरली की दोघांनी जावे, त्यात एखादी मुलगी असावी, म्हणजे बायका बोलतील. बॅनर नको, सामान असले-नसले तरी हरकत नाही. मागच्या वेळी ज्या घरी बसलो त्याच घरी जावे आणि मागच्या वेळी काय बोलणे झाले होते ते लक्षात ठेवावे, मुलाची दहावी, आजीचे गुडघे, कोणाच्या नावावरची अडकलेली कागदपत्रे. परत आल्यावर एका वहीत तारीख, कोणाला कुठल्या दवाखान्यात न्यायचे ठरले आणि ते कोण नेणार, एवढेच लिहावे. मनातले जे सांगितले ते लिहू नये. वही तुकडीतल्या एकाच माणसाकडे राहावी, म्हणजे पुढच्या वर्षी जाणारा नवा मुलगा त्या बाईला ‘तुमच्या घरातले कोण गेले?’ असे पुन्हा विचारणार नाही.